मूत्रपिंड म्हणजे चाळणी का नव्हे? समजावून सांगणाऱ्या लेखनातला दृष्टान्त

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या ताईंनी विचारलं आहे: "गावातल्या बायकांसाठी आणि मोठ्या मुलांसाठी मी आरोग्य, शेती, पाणी यांवर सोपे लेख लिहिते. जागोजागी उपमा घालते. वाचणारे म्हणतात, छान लिहिलंय. पण दोन प्रश्न विचारले की कळतं, विषय पोचलेलाच नाही. उपमा कुठे वापरावी, किती ताणावी, कुठे सोडावी?" सोबत त्यांनी आपल्या लेखातला एक परिच्छेद पाठवला आहे: "मूत्रपिंड ही शरीराची चाळणी आहे. चाळणी जशी पीठ आणि कोंडा वेगळा करते, तशी मूत्रपिंडं रक्तातली घाण वेगळी काढतात. म्हणून भरपूर पाणी प्यावं, म्हणजे चाळणी स्वच्छ राहते."

ताई, तुमच्या परिच्छेदापासूनच सुरुवात करतो. गेली तीसेक वर्षं मी बेळगावात शेतकऱ्यांसाठी पत्रकं, आरोग्याच्या पुस्तिका आणि शाळांसाठी पूरक वाचन लिहितो, इतरांचं लिहिलेलं दुरुस्त करतो. त्या काळात ही चाळणी माझ्यासमोर कितीतरी वेळा आली. मीही ती सुरुवातीला तशीच जाऊ दिली.

तुमची वाचक चाळणी रोज हातात घेते. चाळणीबद्दल तिला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि तिथेच घोटाळा सुरू होतो. चाळणीत चांगलं पीठ खाली पडतं आणि टाकायचा कोंडा वर राहतो. मग लघवी कुठली, खाली पडलेली की वर राहिलेली? चाळणीची भोकं बुजतात, ती आपटून साफ करता येते. म्हणजे मूत्रपिंडही साफ करायचं एखादं औषध असणार, ते कुठलं? शेजारणीच्या लघवीत साखर सापडली, तर तिच्या चाळणीची भोकं मोठी झाली का? हे प्रश्न अडाणीपणाचे नाहीत. तुम्ही दिलेल्या चित्रावरून नीट विचार करणाऱ्या माणसाला ते पडणारच. शेवटचं वाक्य तर धोक्याचं आहे. मूत्रपिंडं निकामी झालेल्या रुग्णाला डॉक्टर पाणी मोजून प्यायला सांगतात. त्या घरात तुमचा लेख गेला आणि "चाळणी धुवायला" कुणी तांब्यावर तांबे पाजले, तर?

आता खरं काम कसं चालतं ते पाहू. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला रक्तातून सुमारे 180 लिटर द्रव गाळून बाहेर काढतात. आपल्या रक्तातला पातळ भाग असतो जेमतेम तीन लिटर, म्हणजे तोच द्रव दिवसातून साठेक वेळा बाहेर येतो. पण लघवी होते साधारण दीड लिटर. उरलेलं सगळं पाणी, साखर, बरंचसं मीठ परत रक्तात घेतलं जातं. म्हणजे मूत्रपिंडाचं मुख्य काम घाण वेचून बाहेर काढणं हे नाही. ते आधी जवळजवळ सगळंच बाहेर काढतं आणि मग हवं ते वेचून आत घेतं. या कामाचा कणाच परत घेण्यात आहे आणि चाळणीत नेमकं तेच कुठे नाही. या परिच्छेदाकडे मी शेवटी परत येतो.

शाळेत आपण उपमेची चार अंगं शिकवतो: उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द. कवितेला एवढं पुरतं. मुख चंद्रासारखं म्हटलं की एक गुण उचलला, काम झालं. चंद्रावरच्या खड्ड्यांचं काय, असं कुणी विचारत नाही. समजावून सांगताना मात्र वाचक विचारतो, आणि त्यानं विचारावं म्हणूनच आपण लिहितो. म्हणून इथे नुसता सारखेपणा चालत नाही. ओळखीच्या गोष्टीचे भाग एकमेकांशी जसे बांधलेले आहेत, तसेच अनोळखी गोष्टीचेही बांधलेले असावे लागतात. एक हललं की दुसरं कसं हलतं, हे दोन्हीकडे जुळलं पाहिजे. रंग, आकार, नाव यांपैकी काहीही जुळलं नाही तरी चालतं.

आपल्या मराठीत याची शिस्त फार जुनी आहे. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या निरूपणावरून केशिराजबासांनी जो दृष्टान्तपाठ हा ग्रंथ रचला, त्यात 114 दृष्टान्त आहेत आणि प्रत्येकाला तीन भाग आहेत. आधी सूत्र, म्हणजे सांगायचा मुद्दा. मग दृष्टान्त, म्हणजे ओळखीची गोष्ट. आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे त्या गोष्टीतलं काय मुद्द्यातल्या कशाला लावायचं याचा उलगडा. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो तिसरा भाग. आजचं बहुतेक सोपं लेखन दुसऱ्या भागावर थांबतं. चित्र दिलं, वाचक हसला, मान हलवली, लेखक पुढच्या मुद्द्याकडे गेला. वाचक त्या चित्रातच बसून राहिला. तुमचे वाचक "छान लिहिलंय" म्हणतात ते इथे.

दार्ष्टान्तिक लिहायला बसलं की आपलंच अज्ञान आपल्याला दिसतं. हे मी अनुभवानं सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शेती पत्रकात मी लिहिलं होतं, "खत म्हणजे पिकाचं जेवण." सोपं, गोड वाक्य. त्या हंगामानंतर चिकोडीकडचा एक शेतकरी बाजारात भेटला आणि शांतपणे म्हणाला, "तुम्हीच लिवलासा न्हवं, खत म्हंजे पिकाचं जेवान म्हणून? पोटभर घातलो. खरं पानं करपल्यात सगळी." (आमच्याकडे 'पण' म्हणायला 'खरं' म्हणतात, हे बाहेरच्या वाचकांसाठी.) त्याचं काय चुकलं? काहीच नाही. उपाशी माणसाला जास्त वाढावं, अशक्ताला चार घास अधिक द्यावेत, हे जेवणाच्या चित्रातूनच निघतं. पीक मरगळलेलं दिसलं, त्यानं युरिया वाढवला. नुकसान त्याचं झालं आणि चूक माझी होती.

मग मी बसून तीन भाग लिहून काढले. सूत्र काय? पीक आपलं अन्न ऊन, हवा आणि पाणी यांतून स्वतः बनवतं. खतातून त्याला लागणारी द्रव्यं थोड्या प्रमाणात मिळतात आणि जास्त झाली तर मुळांना इजा होते. याला जेवण जुळत नाही. स्वयंपाकातलं मीठ जुळतं. कमी पडलं तर भाजी बिघडते, जास्त पडलं तर ती खाता येत नाही, आणि भूक कितीही असली तरी मिठानं पोट भरत नाही. पुढच्या पत्रकात मी "खत म्हणजे पिकाच्या स्वयंपाकातलं मीठ" असं लिहिलं. त्याखाली तीन ओळींत सांगितलं की स्वयंपाक करणारं पीकच, चूल सूर्याची आणि आपण फक्त मीठ पुरवतो. त्यानंतर प्रश्न आला तो "किती घालू?" असा. तोच यायला हवा होता.

पण पानं करपतात का, हे सांगायला मिठाची ही उपमा अपुरी आहे. तिथे मी घरातलं लोणचं घेतलं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळात भांड्यात पाणी सुटतं. ते फोडीतलं पाणी असतं, मिठानं बाहेर ओढलेलं. मुळाभोवती खत फार साचलं की मुळातलं पाणी असंच बाहेर ओढलं जातं. जमीन ओली असून पीक वाळतं ते यामुळे. आता नीट पाहा, लोणचं ही उपमा नाही. मीठ आणि फोड, खत आणि मूळ, दोन्हीकडे निसर्गाचा नियम एकच आहे. हे उदाहरण आहे. "खत म्हणजे मीठ" ही उपमा आणि "फोडीला पाणी सुटतं तसं" हे उदाहरण, यांतला फरक लिहिणाऱ्याला पक्का ठाऊक हवा. उदाहरण हवं तितकं ताणता येतं, कारण नियम तोच असतो. उपमा कुठेतरी तुटणारच, म्हणून ती कुठे तुटते ते आधी शोधावं लागतं. घरातलं उदाहरण सापडत असेल तर मी उपमेच्या वाटेला जात नाही.

पावसाचंच घ्या. आपल्याकडे घाटमाथ्यावरच्या कणकुंबीला पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात, आणि याच जिल्ह्यात डोंगरापलीकडे अथणीला वर्षाला 500-600 मिलिमीटर मिळाला तरी लोक समाधान मानतात. हे समजावताना बहुतेक जण लिहितात की ढग सह्याद्रीवर आदळतात आणि ओल्या कपड्यासारखे पिळले जातात. वाचायला बरं वाटतं. पण मग मुलं विचारतात, पिळलेला ढग अथणीवर पोचतो तेव्हा उरलेलं पाणी का पडत नाही? तिथे डोंगर नाही म्हणून? आदळण्यानं आणि पिळण्यानं पाऊस पडतच नाही. हवा डोंगरावर चढते, वर दाब कमी असल्यानं पसरते, पसरल्यानं गार होते, आणि गार हवेत वाफ मावत नाही म्हणून तिचे थेंब होतात. पलीकडे हवा खाली उतरते, दाबली जाते, गरम होते आणि तिच्यातले ढग विरून जातात. याला सायकल पुरते. ट्यूबचा वाल सोडा आणि बोट धरा, बाहेर पसरणारी हवा गार लागते. पंप मारताना पंपाचं बूड तापतं, कारण हवा दाबली जाते. घाटमाथा म्हणजे वाल, अथणीचा उतार म्हणजे पंप. वर्गात एक सायकल आणली की दहा मिनिटांत सगळं दाखवता येतं. कोरडी हवा दर किलोमीटर चढणीला सुमारे 10 अंश गार होते, हा आकडा त्यानंतर सांगितला की तो मुलांच्या लक्षात राहतो.

उदाहरण जिथे सापडतच नाही तिथे उपमा लागते. वीज दिसत नाही, हातात धरता येत नाही. तिच्यासाठी पाण्याची उपमा जगभर वापरतात. आपल्याला तर गोकाकचा धबधबा जवळ आहे. घटप्रभा तिथे सुमारे 52 मीटर उंचीवरून खाली पडते. उंची म्हणजे व्होल्ट आणि पाण्याचा ओघ म्हणजे अँपियर. धबधबा मे महिन्यात पाहा आणि ऑगस्टमध्ये पाहा. उंची तीच, ओघ वेगळा. मेमध्ये कड्यावरून जेमतेम धार उतरते, तिच्यावर काय चालणार? आता मुलांना विचारा: बॅटरीचे दीड व्होल्टचे आठ सेल ओळीनं जोडले तर 12 व्होल्ट होतात. ट्रॅक्टरची बॅटरीही 12 व्होल्टची. मग सेलवर ट्रॅक्टर का सुरू होत नाही? गोकाक पाहिलेला मुलगा उत्तर देतो: ते मेमधलं गोकाक आहे. उंची आहे, ओघ नाही. उपमा बरोबर बसली की वाचक स्वतः पुढचं पाऊल टाकतो, आपण न सांगता. उपमा निवडताना मी हेच पाहतो.

आणि लगेच तिची मर्यादा सांगायची. पाइप कापला तर पाणी जमिनीवर सांडतं. वायर कापली तर वीज सांडत नाही, वाहणंच थांबतं. धबधब्याचं पाणी खाली निघून जातं. विजेला मात्र परतीची वाट लागतेच, म्हणून तर दोन वायरी असतात. आणि दिवा वीज "पिऊन टाकत" नाही. जितका प्रवाह आत जातो तितकाच बाहेर येतो. या तीन गोष्टी उपमेच्या त्याच परिच्छेदात याव्यात, पुढच्या पानावर नाहीत. चुकीचं अनुमान एकदा बसलं की ते उखडायला फार कष्ट पडतात.

मर्यादा सांगितली म्हणजे उपमा लेचीपेची झाली, असं वाटून लेखक ती सांगायचं टाळतात. ही भीती निराधार आहे. सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्यानं 1824 साली वाफेच्या यंत्राचा विचार करताना हीच धबधब्याची उपमा घेतली होती. पाणी उंचावरून खाली पडतं आणि काम करतं, तशी उष्णता गरम जागेकडून गार जागेकडे 'पडते' आणि काम करते. यंत्रातून जास्तीत जास्त किती काम निघेल ते या दोन तापमानांवर ठरतं, हा त्याचा निष्कर्ष आजही टिकून आहे. पण उपमेचा एक भाग चुकीचा होता. धबधब्यात वरून आलेलं सगळं पाणी खाली पोचतं. उष्णता मात्र सगळी खाली पोचत नाही, तिचा काही भाग कामातच खर्च होतो. हे पुढच्या पंचवीसेक वर्षांत जूल आणि क्लॉसियस यांच्या कामातून स्पष्ट झालं. उपमा कुठे जुळते आणि कुठे नाही, हे उलगडत गेल्यानंच ते शास्त्र पुढे गेलं. मग आपल्या लेखातही तो उलगडा असायला काय हरकत आहे?

आता वाचक कोण, हा प्रश्न. सीमाभागात लिहिणाऱ्यानं यावर जास्त थांबावं असं मला वाटतं. आपला वाचक एकसारखा नाही. निपाणीकडचा तंबाखू आणि ऊस ओळखतो. खानापूरच्या जंगलाकडचा काजू आणि भात ओळखतो. बेळगाव शहरात वडगाव, शहापूर, खासबागला माग आहेत, उद्यमबागेत ओतकाम आहे. पुण्यात छापलेल्या पुस्तकातली उपमा उचलून इथे ठेवली की कधीकधी शब्दच अडतो. मी एकदा "तिफणीच्या फणांसारखं" असं लिहिलं होतं. आमच्याकडच्या बऱ्याच गावांत पेरणीच्या त्या अवजाराला कुरी म्हणतात. वाचणाऱ्या मुलांना आधी तिफण म्हणजे काय ते सांगावं लागलं, आणि ज्या गोष्टीसाठी ती आणली होती ती मागेच राहिली. उपमान समजावून सांगावं लागत असेल तर ते काढून टाकावं.

उलट, वाचकाच्या हातातलं उपमान किती खोल जातं ते पाहा. माग चालवणाऱ्या घरांतल्या मुलांना कॉम्प्युटरचा प्रोग्राम म्हणजे काय ते सांगायचं होतं. मी जकार्डपासून, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रापासून सुरुवात केली. साडीच्या काठावर मोर उठवायचा तर भोकं पाडलेली कार्डं लागतात. जिथे भोक आहे तिथला ताण्याचा उभा धागा उचलला जातो, जिथे नाही तिथला खाली राहतो, आणि मधून आडवा धागा घेऊन धोटा जातो. कार्डाला मोर माहीत नसतो. त्याला फक्त "उचल" आणि "उचलू नको" एवढंच ठाऊक, आणि तेवढ्यातून मोर उमटतो. प्रोग्रामही शेवटी अशाच हो-नाहींची माळ असतो. या मुलांना ते ऐकताक्षणी कळलं, कारण चुकीचं कार्ड लागलं तर नक्षी कशी बिघडते ते त्यांनी घरी पाहिलं होतं. मग सांगितलं की ही नुसती तुलना नाही, इतिहासही आहे. जकार्ड नावाच्या माणसानं हे यंत्र 1804 च्या सुमारास फ्रान्समध्ये केलं. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात भोकांच्या कार्डांची कल्पना तिथूनच घेतली. आणि मर्यादाही सांगितली: जकार्डची कार्डं ठरल्या क्रमानं एकामागून एक येतात. प्रोग्राम मधेच थांबून "पैसे भरले असतील तर हे कर, नसतील तर ते कर" असं ठरवू शकतो. त्या दिवशी एका मुलीनं विचारलं, "मग कार्डांना फाटे फुटले तर?" त्या प्रश्नानं माझा पुढचा तास सोपा केला.

आपल्या भागातली आणखी एक गोष्ट. तुमच्या वाचकांपैकी काहींची मुलं कन्नड शाळेत जातात. सरकारी कागद कन्नडमध्ये येतात, आजाराची नावं दवाखान्यात इंग्रजीत कानावर पडतात. मूत्रपिंड हा शब्द कन्नडमध्येही आहे, पण बोलताना सगळेच किडनी म्हणतात. म्हणून लेखात एकदा "मूत्रपिंड, म्हणजे ज्याला आपण किडनी म्हणतो" असं लिहायला संकोचू नका. उपमेचंही तसंच. "नाचता येईना अंगण वाकडं" यावर आधारलेला दृष्टान्त मराठी म्हण न ऐकलेल्या मुलाला काहीच सांगत नाही. लोणचं, जातं, कुरी, माग यांवर आधारलेला दृष्टान्त त्यालाही पोचतो. तुमचा लेख वाचून आई मुलाला कन्नडमध्ये सांगायला लागली तरी वस्तूचा दृष्टान्त टिकतो.

आकड्यांच्या तुलनेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती वेगळीच जात आहे. तिच्यात संबंध समजवायचा नसतो, नुसतं माप डोळ्यासमोर आणायचं असतं. आपल्याकडे म्हादई नदीच्या पाणीवाटपाचा विषय निघाला की टीएमसी, म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, हा शब्द येतो. पाणीवाटपाच्या लवादानं 2018 साली कर्नाटकाला 13.42 टीएमसी पाणी दिलं. त्यातलं 8.02 वीजनिर्मितीसाठी. हे सगळ्यांनी वाचलं, पण एक टीएमसी म्हणजे किती हे कितीजणांना दिसलं? एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,832 कोटी लिटर. "इतके लाख टँकर" असं लिहिलं तर एका आकड्याऐवजी दुसरा आकडा आला, बाकी काही नाही. मी असं लिहितो: माणशी रोज 135 लिटर हे शहरासाठीचं माप धरलं, तर 2011 च्या जनगणनेतल्या बेळगाव शहर आणि उपनगरांएवढ्या, म्हणजे सुमारे सहा लाख वस्तीला एक टीएमसी पाणी जवळपास वर्षभर पुरतं. आता वाचक स्वतः भागाकार करू शकतो. हिडकल धरणाची क्षमता 51 टीएमसी, म्हणजे काय, तेही त्याचं तो ठरवू शकतो. मात्र गळती आणि बाष्पीभवन यांत धरलेलं नाही, हे सांगायला विसरू नका.

एक गोष्ट मन दुखावेल म्हणून टाळणार होतो, पण लिहितो. सीमाप्रश्नावर लिहिताना आपण "आईपासून तोडलेलं लेकरू" ही उपमा पिढ्यानपिढ्या वापरत आलो आहोत. मीही ती सभांत म्हटली आहे आणि तिच्यातली वेदना खरी आहे. पण तीच उपमा मी जेव्हा मुलांसाठीच्या माहितीपर लेखात घातली, तेव्हा तिनं काहीच समजावलं नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यपुनर्रचनेत काय झालं, 1966 साली नेमलेल्या महाजन आयोगानं पुढच्या वर्षी काय शिफारशी केल्या, महाराष्ट्रानं 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा का घातला, यांतलं एकही अंग आई-लेकराच्या चित्रात नाही. त्या चित्रात खेडं हा घटक धरून सीमा आखण्याचा मुद्दा नाही, भाषिक टक्केवारी नाही, कायदा नाही. भावना सांगायला ती उपमा ठेवावी आणि तिथेच थांबावं. ती पुरावा म्हणून पुढे केली की समोरचाही आपली एक उपमा पुढे करतो, आणि मग दोन उपमांचं भांडण होतं. प्रश्न बाजूलाच राहतो.

आता तुमच्या मूत्रपिंडाकडे येतो. सूत्र आपण आधीच लिहिलं: सगळं बाहेर काढायचं आणि हवं ते परत घ्यायचं. तुमच्या वाचकाच्या घरात असं कधी होतं? नवरात्राच्या आधी. त्या चार दिवसांत आपल्याकडे घरातली भांडीकुंडी, अंथरुणं, डबे, सगळं अंगणात येतं, आणि मग धुऊनपुसून हवं तेवढं आत जातं. मी परिच्छेद असा लिहिला असता:

"नवरात्राच्या आधी आपण घर रिकामं करतो. कचरा शोधत बसत नाही. दारातून निघेल ते सगळं अंगणात आणतो, आणि मग लागणाऱ्या वस्तू एकेक करून आत नेतो. अंगणात जे उरतं ते टाकून देतो. किडनी, म्हणजे मूत्रपिंड, असंच करते. रक्तातलं पाणी, साखर, मीठ, टाकाऊ द्रव्यं, सगळं ती आधी बाहेर काढते, दिवसाला सुमारे 180 लिटर. मग पाणी, साखर आणि लागेल तेवढं मीठ परत आत घेते. अंगणात उरतं ते दीडेक लिटर, तीच लघवी. घरातली मोठी कणगी दारातून बाहेर निघतच नाही. रक्तातल्या पेशी आणि प्रथिनं तशीच आत राहतात. म्हणून लघवीत प्रथिनं दिसली, तर दाराची चौकट मोडली आहे का, असं डॉक्टर तपासतात. आत नेणारे हात मोजकेच असतात. रक्तात साखर फार वाढली तर सगळी आत नेणं त्या हातांना जमत नाही, थोडी अंगणात राहते. मधुमेहात लघवीत साखर दिसते ती यामुळे. आपली साफसफाई वर्षातून एकदा होते, किडनीची मात्र रात्रंदिवस चालते. आणि तिथे निवड करणारं कुणी बसलेलं नसतं. कुठली वस्तू आत घ्यायची हे तिथल्या पेशींच्या रचनेतच ठरलेलं असतं. किडनी रक्तदाब सांभाळायला आणि नवं रक्त बनायलाही मदत करते, पण ते या अंगणाच्या चित्रात दिसत नाही. त्याबद्दल पुढे वेगळं वाचा."

यात पाण्याबद्दल एक शब्दही नाही, हे पाहा. किती पाणी प्यावं हा वेगळा मुद्दा आहे. तो निरोगी माणसासाठी एक आणि किडनीच्या रुग्णासाठी दुसरा असतो. तो उपमेच्या शेपटाला बांधू नका, स्वतंत्र दोन ओळींत लिहा.

हा परिच्छेद छापण्याआधी एक करा. तुमच्या वाचकांपैकी दोघीतिघींना तो वाचून दाखवा. "कळलं का?" असं विचारू नका, सगळ्या हो म्हणतात. असं विचारा: "मग एखाद्याची एक किडनी काढली तर काय होईल?" अंगणाचं चित्र धरून त्या काय उत्तर देतात ते लिहून घ्या. कुणी म्हणेल, हात निम्मे होतील. कुणी म्हणेल, एक दार बंद होईल, पण दुसऱ्यातून भागेल. यातलं दुसरं उत्तर खऱ्याच्या बरंच जवळ आहे, कारण उरलेली एक निरोगी किडनी वाढून बरंचसं काम उचलते. पहिलं उत्तर जास्त जणींकडून आलं, तर परिच्छेदात एका वाक्याची भर घालावी लागेल. ती उत्तरं मला जरूर कळवा. ते वाक्य आपण मिळून लिहू.